सहा चाकांची नगरपालिका

घरात नळ सोडला की पाणी येतं आणि बटण दाबलं की जे जायचं ते जातं. मधल्या व्यवहाराशी आपला संबंध तक्रारीपुरता. हिवाळ्यात आरव्ही, म्हणजे चाकांवरचं घर, भाड्याने घेऊन ॲरिझोनाच्या वाळवंटात राहायला जाणं म्हणजे हा मधला सगळा व्यवहार स्वतःच्या अंगावर घेणं. पाणीपुरवठा तुम्ही, वीज मंडळ तुम्ही, मलनिस्सारण तुम्ही, अग्निशमन तुम्ही, मोकाट जनावरांचा बंदोबस्तही तुम्हीच. आणि तक्रार करणारे नागरिक मागच्या सीटवर बसलेले. जाहिरातीत मावळतीच्या उजेडात खुर्च्या टाकून कॉफी पिणारं जोडपं दिसतं. माझं ठाम मत आहे की त्यांची टाकी अजून भरलेली नसते.

मोसम डिसेंबर ते फेब्रुवारी. उन्हाळ्यात तिकडे पापड वाळायच्या ऐवजी भाजून निघेल. जानेवारीत टूसॉन शहरात दुपारी १८-१९ अंश असतात, म्हणजे पुण्यातलं सुखाचं ऊन. पहाटे ४ अंश, कधी शून्याच्याही खाली. भारतातून आलेले आई-बाबा ‘वाळवंट’ हा शब्द ऐकून मलमलीचे कपडे भरतात, त्यांना दुपारची गोष्ट सांगू नये, पहाटेची सांगावी. स्वेटर आपोआप निघतात.

गाडी शक्यतो २५ फुटांच्या आतली घ्या. ‘क्लास सी’ म्हणतात ती: पुढे व्हॅनचं तोंड, ड्रायव्हरच्या डोक्यावर झोपायचा माळा, मागे जोडचाकं धरून एकूण सहा टायर. मोठी गाडी सुखाची असते, पण उभी असेपर्यंतच. ऑर्गन पाइप कॅक्टसच्या राष्ट्रीय स्मारकात अहो माउंटन ड्राइव्ह हा २१ मैलांचा सुंदर कच्चा रस्ता आहे, तिथे लांब गाडीला मनाई आहे. टूसॉनहून वाळवंट संग्रहालयाकडे जाताना फोनवरचा नकाशा हमखास गेट्स पासचा घाट सुचवतो. नकाशाला तुमच्या गाडीची लांबी माहीत नसते. मुकाट्याने अहो वे आणि किनी रोडचा वळसा घ्यावा. आपल्याकडे कात्रजच्या जुन्या घाटात एसटी अडकली की खाली उतरून सल्ला देणारे वीसजण तरी भेटतात. इथे कोणी उतरत नाही, नुसते मागे शांतपणे थांबतात, आणि ते जास्त जिव्हारी लागतं.

गाडी साधारण ११-१२ फूट उंच असते. नेमका आकडा चिकटपट्टीवर लिहून स्टिअरिंगसमोर लावा. पेट्रोल पंपाचं छत पुरेसं उंच असतं. बर्गरच्या खिडकीवरचं नसतं. शिवाय मागच्या चाकांच्या पलीकडे सात-आठ फुटांची शेपूट असते. उजवीकडे वळलात की ती डावीकडे झोकांडी खाते आणि शेजारच्या खांबाला भेटून येते.

आता पाणीपुरवठा. या आकाराच्या गाडीत पिण्या-वापरायच्या पाण्याची टाकी साधारण ४० गॅलनची असते, म्हणजे दीडशे लिटर. गरम पाण्याचा बंब ६ गॅलनचा, म्हणजे २३ लिटरही नाही. शॉवर मिनिटाला सात-साडेसात लिटर ओततो. चौघांनी घरच्यासारखी आंघोळ केली तर तिसरा माणूस गार पाण्यात आणि चौथा पाण्यावाचून. इथले जुने जाणते यावर ‘नेव्ही शॉवर’चा उपाय सांगतात: अंग ओलं करा, नळ बंद, साबण लावा, नळ सुरू, धुवा, बाहेर या. हे ज्ञान ते फार गंभीरपणे देतात. आपण ऐकून घ्यावं आणि प्लास्टिकची घडीची बादली आणि स्टीलचा तांब्या काढावा. आठ लिटरमध्ये डोक्यावरून आंघोळ होते, आणि बंबातलं पाणी चौथ्यापर्यंत पुरतं. गरम पाणी यायच्या आधी जो दीड-दोन लिटर गार ओघ वाया जातो, तोही बादलीतच धरायचा. संडासात ओतायला कामाला येतो. दर तीन दिवसांनी नळाला पाणी येणाऱ्या गावात बालपण गेलेल्या माणसाला आरव्हीत शिकण्यासारखं फारसं काही उरत नाही. त्याला फक्त इतक्या वर्षांनी शहाणा ठरल्याचा आनंद मिळतो.

कॅम्पग्राउंडच्या नळाला होज लावून थेट पाणी घेता येतं, पण त्याचा दाब कधीकधी इतका असतो की गाडीतल्या प्लास्टिकच्या पायपांचे सांधे सुटतात. त्यासाठी ४५-५० पीएसआयचा पितळी रेग्युलेटर मिळतो. तो नळाच्या तोंडाशी लावायचा, गाडीच्या तोंडाशी नव्हे. नाहीतर गाडी वाचते आणि होज फुटतो. रात्री पारा शून्याकडे निघाला असेल तर झोपण्याआधी होज सोडून, रिकामा करून, गुंडाळून ठेवावा आणि रात्रभर टाकीतलं पाणी पंपाने वापरावं. तो पंप पहाटे तीन वाजता कोणी हात धुतला तरी पिठाच्या गिरणीसारखा घरघरतो. घरातला कोण किती वेळा उठतो याची नोंद ठेवावी लागत नाही.

पाणी संपतं तेव्हा वाईट वाटतं. पण खरा प्रश्न ते कुठे साठतं हा आहे. गाडीच्या पोटात आणखी दोन टाक्या असतात. मोरी-आंघोळीचं सांडपाणी जमा होते ती ‘ग्रे’. दुसरी ‘ब्लॅक’. रंगावरून समजून घ्या.

आधी भरते ती ग्रे, आणि आपल्या स्वयंपाकामुळे अंमळ लवकरच. तांदळाचं धुवण, वरणाचं भांडं, तेलाची कढई, चहाचा चोथा. डाळीची पेज टाकीच्या भिंतीला लेपासारखी बसते, दोन दिवसांनी आंबते आणि मोरीच्या जाळीतून वर येऊन आपली चौकशी करते. म्हणून ताट धुण्याआधी कागदाने पुसायचं. खरकटं कचऱ्यात, तेल पुसून कचऱ्यात, चोथा गाळून कचऱ्यात. आजीला हे पटत नाही. तिच्या मते कागदाने पुसलेलं ताट उष्टंच. तिला सांगावं की पुसल्यावर धुवायचंही आहे, फक्त तांब्याभर पाण्यात.

आणि ब्लॅक. कॅम्पग्राउंडवर सांडपाण्याच्या जोडणीची जागा मिळाली की नवखा माणूस तीन इंची पाइप जोडतो, व्हॉल्व्ह उघडा ठेवतो आणि ‘सुटलो’ म्हणतो. तिथेच चुकतो. व्हॉल्व्ह उघडा असला की पाणी लगेच वाहून जातं, घन पदार्थ मागे राहतो, त्यावर कागद, त्यावर पुन्हा घन पदार्थ, असं करत संडासाच्या भोकाखाली एक मनोरा उभा राहतो. आरव्हीवाले त्याला ‘पिरॅमिड’ म्हणतात. तो वाळवंटाच्या कोरड्या हवेत नीट वाळतो. मग काठी घालण्यापासून माणूस बोलावण्यापर्यंत सगळे उपाय होतात, आणि त्यांतला एकही जेवणाआधी सांगण्यासारखा नाही.

म्हणून ब्लॅकचा व्हॉल्व्ह नेहमी बंद. रिकाम्या टाकीत आधी आठ-दहा लिटर पाणी आणि औषधाची पुडी. टाकी दोन तृतीयांश भरली की मग खाली करायची, म्हणजे पाण्याच्या जोराबरोबर सगळं निघतं. कागद वापरायचा तर विरघळणारा. इथे आपल्या तांब्या-संस्कृतीचा तांत्रिक विजय होतो: कागद कमी आणि पाणी भरपूर, म्हणजे पिरॅमिडचा पायाच घातला जात नाही. याची किंमतही आहे. ३० गॅलनची टाकी चार माणसांत तीन-साडेतीन दिवसांत भरते.

ती किती भरली हे भिंतीवरचे दिवे दाखवतात. भाड्याच्या गाडीत ते बहुधा कायम दोन तृतीयांश दाखवतात, कारण आतल्या टोकाला मागच्या कुटुंबाचा कागद चिकटलेला असतो. दिव्यांपेक्षा दिवस मोजणं भरवशाचं.

रिकामी करण्याचा क्रम पाठ असावा. जाड हातमोजे. पाइप आधी जमिनीच्या भोकात पक्का बसवायचा, वर दगड किंवा अडणी, मग गाडीकडचं टोक. तिकडचं झाकण काढताना तोंड बाजूला ठेवावं, कारण व्हॉल्व्ह थोडासा जरी गळत असला तरी झाकणामागे मागच्या दोन दिवसांचा शिल्लक साठा वाट पाहत असतो. मग आधी ब्लॅक उघडायची, पूर्ण होऊ द्यायची, बंद करायची. त्यानंतर ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप आपोआप धुतला जातो. उलट केलंत तर वरणाच्या पाण्यानंतर जे जायचं ते जातं आणि पाइप तसाच गुंडाळून गाडीत येतो. दोन्ही एकदम उघडाल तर काळं पाणी ग्रेमध्ये घुसू शकतं, आणि दुसऱ्या दिवशी मोरीतून वास का येतो यावर घरात चौकशी समिती बसते. धुण्याचा होज वेगळा, पिण्याचा वेगळा, आणि दोन्ही वेगळ्या डब्यांत. यावर चर्चा नको.

बिनजोडणीच्या मोकळ्या जमिनीवर राहणं हा या सगळ्याचा कळस. त्याला ‘बूनडॉकिंग’ म्हणतात आणि त्याची पंढरी क्वार्ट्‌झसाइट, फिनिक्सहून पश्चिमेला दोन तासांवर. जवळच्या ला पोसा भागात सरकारी जमिनीवर १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल मुक्कामाचे परवाने मिळतात. कॅनडा-मिनेसोटातले पेन्शनर आपापल्या गाड्या घेऊन येतात आणि वारी मुक्कामाला टेकावी तसे पसरतात. पाणी भरायला आणि टाक्या रिकाम्या करायला सोय आहे, बाकी दगड-माती. गावात हाय जॉलीची समाधी आहे. म्हणजे हाजी अली. १८५० च्या दशकात अमेरिकी लष्कराने वाळवंटात ओझी वाहायला उंट आणले तेव्हा त्यांच्याबरोबर आलेला हा उंटवाला. १९०२ मध्ये तो वारला, आणि १९३५ मध्ये त्याच्या थडग्यावर दगडांचा पिरॅमिड बांधला, टोकावर धातूचा उंट. त्या गावात एवढा एक पिरॅमिड पुरे आहे. तुम्ही दुसरा बांधू नका.

विजेचं खातं थोडक्यात उरकतो, कारण ते भारनियमन भोगलेल्याला नवं नाही. कॅम्पग्राउंडवर ३० अँपिअरची जोडणी म्हणजे ३६०० वॅट. गिल्बर्ट रेसारख्या कौंटीच्या कॅम्पग्राउंडवर तेवढीच मिळते. खोलीचा हीटर १५००, पाण्याच्या बंबाची वीज १४००, मायक्रोवेव्ह तितकाच. कोणतेही दोन चालतील, तिसऱ्याला अंधार. त्यामुळे सकाळी घरात ‘कोणी काय लावलंय?’ अशी आरोळी देऊनच चहाची किटली लावायची.

जोडणी नसेल तर रात्रीची ऊब प्रोपेनच्या फर्नेसवर. लोक गॅस भरून निश्चिंत झोपतात आणि पहाटे चार वाजता दात वाजत उठतात. गॅस शिल्लक असतो. संपलेली असते बॅटरी. फर्नेसचा पंखा ७-८ अँपिअर खातो. बारा तासांत निम्मा वेळ चालला तरी ४८ अँपिअर-तास गेले. शंभरच्या साध्या ॲसिड बॅटरीतून निम्मीच वापरायची असते. पंखा मंदावला की हवेच्या जोराने लागणारी आतली झडप लागत नाही, आणि झडप लागल्याशिवाय फर्नेस आग पेटवत नाही. यंत्राचं म्हणणं बरोबर असतं. थंडी मात्र आपल्याला वाजते. म्हणून झोपताना थर्मोस्टॅट १३-१४ अंशांवर आणि अंगावर दोन गोधड्या. जनरेटर रात्री लावता येत नाही. ऑर्गन पाइपच्या ट्विन पीक्स कॅम्पग्राउंडमध्ये तर सकाळ-संध्याकाळ ठरलेल्या दोन-दोन तासांतच लावायचा. तो गाडीच्याच पेट्रोलवर चालतो आणि टाकी पाव भागावर आली की मुद्दाम बंद पडतो, तुम्हाला पंपापर्यंत पोहोचता यावं म्हणून. एवढी दूरदृष्टी मी दुसऱ्या कोणत्याही वीज कंपनीत पाहिलेली नाही.

गाडी सपाट उभी करण्याबद्दल बाप्ये फार तावातावाने बोलतात, आणि या बाबतीत त्यांचं ऐकावं. जुन्या पद्धतीचा गॅसवर चालणारा फ्रिज अमोनियाच्या वाहण्यावर चालतो. गाडी फार कलली तर तो नुसता गरम होतो आणि श्रीखंडाचं ताक होतं. आधी डावं-उजवं बघायचं, चाकाखाली प्लास्टिकच्या ठोकळ्यांवर गाडी चढवायची, मग पुढचं-मागचं. सपाटी दाखवणारं बुडबुड्याचं यंत्र नसेल तर तव्यावर चमचाभर तेल टाका. ते कुठे धावतं तिकडे उतार.

तवा निघालाच आहे तर अग्निशमन. आरव्हीच्या छतावरचा धुराचा भोंगा आणि आपली फोडणी यांचं वैर जन्मोजन्मीचं. मोहरी तडतडली की तो केकाटतो, हिंग पडला की आणखी, आणि सुक्या मिरचीला तर शेजारच्या चार गाड्यांतले लोक बाहेर येतात. गाडीत पळून जायला दुसरी खोली नसते. ठसका लागला की सगळ्यांना एकदम लागतो. भोंग्याची बॅटरी काढणारे असतात, तो मूर्खपणा आहे. गॅसचं घर, गॅसचा फर्नेस आणि पाच फुटांवर दार. छताचा झरोका आधी उघडा, त्याचा पंखा बाहेर फेकणारा लावा, चुलीच्या विरुद्ध टोकाची एक खिडकी दोन बोटं उघडा, मग तेल तापवा. त्याहून शहाणपणाचं म्हणजे एका बर्नरची छोटी शेगडी घेऊन फोडणी बाहेर बाकावर करणं, तीन बाजूंनी ॲल्युमिनियमचा आडोसा लावून. वाऱ्यावर वास मैलभर जातो, आणि वन विभाग सुरू होतो.

पहिले येतात हावेलिना. लिहिताना ‘जे’ लिहितात. दिसायला रानडुकरासारखे, पण डुक्कर नव्हेत, कुटुंब वेगळं. नजर अधू, नाक तीक्ष्ण, आणि दहा-बाराच्या टोळीने येतात. हाकलायला गेलात तर त्यांना तुम्ही नीट दिसतच नाही, म्हणून ती चुकून तुमच्याच अंगावर येतात. भांडी-अन्न बाहेर ठेवायचं नाही. गोग्रास काढायची सवय असलेल्या आजीला स्पष्ट सांगावं की टूसॉनच्या पिमा कौंटीत रानटी जनावरांना खायला घालणं कायद्याने गुन्हा आहे. पुण्य तर नाहीच, दंड होईल.

दुसरा पॅकरॅट. उंदीरच, पण इंजिनाच्या उबेत घर करतो आणि वायरी कुरतडतो. घराच्या दाराशी चोया नावाच्या निवडुंगाच्या काटेरी पेरांची रास रचतो, म्हणजे सुरक्षा व्यवस्था आपल्या सोसायटीपेक्षा चांगली. स्थानिक लोक रात्री बॉनेट उघडं ठेवून आत दिवा लावतात. अंधाऱ्या वाळवंटात रांगेने जबडे वासून उभ्या असलेल्या उजळ गाड्या पहिल्यांदा पाहणाऱ्याला कसलं तरी व्रत चालू आहे असं वाटतं.

चोया हे निवडुंग दिसायला लोकरीच्या खेळण्यासारखं. मुलांना हात लावावासा वाटतो आणि आजोबांना फोटो. हात लावलाच तर पेर तुटून कातडीला रुतून बसतं. दुसऱ्या हाताने ओढलं की दुसराही हात अडकतो. खिशात मोठ्या दातांचा कंगवा ठेवा, पेर आणि कातडी यांच्यामध्ये घाला आणि झटक्याने लांब उडवा, मात्र त्या दिशेला कोणी नाही हे बघून. उवांच्या फणीने जमत नाही. उरलेल्या कुसळांना चिमटा. सग्वारो या खांबासारख्या उंच निवडुंगाला असा खोडकरपणा नसतो. पहिल्या आठ वर्षांत तो इंच-दीड इंच वाढतो आणि पहिला हात फुटायला ५० ते ७५ वर्षं घेतो. त्याच्याशेजारी उभं राहून ‘अजून किती वेळ?’ विचारणाऱ्या मुलाला हे सांगून काही उपयोग नसतो.

खरं सांगायचं तर रानात जनावरं दिसतात ती अशी, न बोलावता. बोलावून बघायची असतील तर टूसॉनचं ॲरिझोना-सोनोरा डेझर्ट म्युझियम. नावात म्युझियम असलं तरी निम्म्याहून जास्त प्राणिसंग्रहालय, १९५२ पासूनचं. हमिंगबर्डचा पिंजरा, बिगहॉर्न मेंढे, आणि ऑक्टोबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत शिकारी पक्ष्यांची मोकळी झेप. हॅरिस ससाणे टोळीने शिकार करतात आणि डोक्यावरून इतके खालून जातात की टोपी आपोआप चापपली जाते. सकाळी लवकर जा, मोठ्या गाडीला जागा मिळते.

तिथून पुढे कॅलिफोर्नियात जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यानाकडे निघालात तर ब्लाइथला शेतमालाचा नाका लागतो. लिंबं आहेत का विचारतात. लिंबाचं आपल्याला सुचतं, कढीपत्त्याचं सुचत नाही. कढीपत्ता लिंबाच्या कुळातला, आणि लिंबाच्या बागा बुडवणारी कीड त्यावर राहते. त्यामुळे ताज्या डहाळीची तिथे चांगलीच चौकशी होऊ शकते. नाक्याच्या अलीकडेच सगळा कढीपत्ता फोडणीत संपवा. शिवाय तिथे घड्याळ हिवाळ्यात एक तास मागे जातं, फोन आपसूक बदलतो आणि भिंतीवरचं बदलत नाही. घरात दोन वेळा चालू झाल्या की आजोबा जेवण पहिलीप्रमाणे मागतात आणि औषध दुसरीप्रमाणे घेतात.

निघताना रोज सकाळी सगळं उलट क्रमाने आवरायचं: पाइप, होज, वीज, ठोकळे, पायरी, छताचा झरोका, कपाटांच्या कड्या. घाई केली तर यांतलं एक राहतं, बहुधा पायरी. दोन माणसांनी दोन वेळा गाडीभोवती फेरी मारायची, उलटसुलट दिशांनी. किमान पाऊण तास.

हे पाऊण तासाचं गणित सगळ्यात जास्त छळतं ते व्हाइटवॉटर ड्रॉला. ॲरिझोनाच्या आग्नेय कोपऱ्यात हिवाळ्यात हजारो सँडहिल क्रौंच तिथल्या पाणथळीत रात्र काढतात. सूर्योदयाला थव्यांनी उठून शेतांकडे जातात. ते बघायला हवं म्हणून घरातला एक उत्साही माणूस सगळ्यांना अंधारात उठवतो. पारा शून्यावर, फर्नेस बंद, पाइप गारठून लाकडासारखा, आणि पायरी राहिलेली. मी अशा माणसाला काही सांगत नाही. पक्षी साधारण दुपारपर्यंत पोट भरून आपणहून परत येतात, त्याच पाण्याशी, त्याच गोंगाटात, अगदी समोर उतरतात, आणि एका पायावर उभे राहून डोळे मिटतात. एक ते चार बंद.